उशिराचं कारण

आर्डिस कोल्टरमनची कात्री मूळची तिच्या आईची, झगे आणि पडदे बेतायची. पण मी स्टेनबर्गच्या विमानतळावर मेकॅनिक म्हणून आलो तेव्हापासून त्या कात्रीचं एकच काम पाहत आलोय, ते म्हणजे लोकांचे शर्ट कापणं. कुणी आर्डिसच्या हाताखाली विमान शिकला आणि पहिल्यांदा एकटा उडून धडपणे खाली आला, की ती त्याला पाठमोरा उभा करायची आणि शर्टाचं मागचं शेपूट कापून घ्यायची. त्यावर नाव, तारीख, आणि खाली स्वतःचा शेरा लिहून ते ऑफिसच्या भिंतीवर टांगायची. पूर्वीच्या विमानांत शिकवणारा मागे बसायचा, इंजिनाच्या गोंगाटात काही ऐकू जायचं नाही, म्हणून तो पुढच्याचा शर्ट ओढून सांगायचा. माणूस एकटा उडाला म्हणजे आता ओढायची गरज नाही, म्हणून शेपूट कापायचं. ही रीत देशभर आहे. शेरा मात्र फक्त आमच्याकडे.

भिंतीवर अशी एकशे बारा शेपटं होती. पाद्रीबाबांच्या शेपटावर लिहिलं होतं, 'देवानं सांभाळलं, वैमानिकानं नाही.' औषधाच्या दुकानातल्या बाईंच्या शेपटावर, 'डावीकडे उत्तम वळते. उजवीकडचं जग अजून पाहायचंय.' माझंही आहे. त्यावर लिहिलंय, 'इंजिन छान ठेवतो. माणूस बरा.' त्या 'बरा'वर मी तीस वर्षं काढली आहेत. मला आर्डिस आवडायची हे सगळ्या गावाला ठाऊक होतं, तिला तर होतंच, आणि तिनं त्याचा कधी विषय काढला नाही. असो. ही गोष्ट माझी नाही.

आर्डिसनं पस्तीस वर्षं आमच्या शाळेत गणित शिकवलं आणि शनिवार-रविवार विमान. दोन्हीकडे एकच शिस्त. तिच्यापुढे 'अंदाजे' हा शब्द काढायची सोय नव्हती. वारा किती आहे विचारल्यावर कुणी 'बऱ्यापैकी' म्हणाला, तर त्या दिवशी त्याचं विमान हँगरच्या बाहेर यायचं नाही. उंचीनं एवढीशी, विमानात बसताना खाली दोन उशा घ्यायची, आणि नाकावर माशी बसू द्यायची नाही.

भिंतीवरचं पहिलं शेपूट तिच्या धाकट्या भावाचं, वेंडेलचं. तिचा पहिला विद्यार्थी तोच. सप्टेंबर एकोणीसशे त्रेसष्ट, वेंडेलचा सोळावा वाढदिवस, आणि ती स्वतः चोवीस वर्षांची. शेरा होता, 'खिडकीबाहेर बघतो. हे महत्त्वाचं. बाकीचं शिकेल.'

बाकीचं तो शिकलाच. चौऱ्याहत्तर साली एका मोठ्या विमान कंपनीत लागला आणि वर चढत चढत कॅप्टन झाला. त्यांच्या वडिलांचं एक पिवळं विमान होतं. दोन माणसांचं, एकामागे एक बसायचं, कापडाच्या पंखांचं, इंजिन चालू करायला बाहेरून हातानं पंखा फिरवावा लागणारं. म्हाताऱ्यानं जाताना ते दोघांच्या नावावर ठेवलं. आर्डिस ते दर रविवारी उडवायची. वेंडेल नाताळात यायचा, त्याच्या पंखावर हात फिरवायचा आणि जायचा. उडवत का नाही विचारलं की म्हणायचा, पुढच्या वेळी नक्की. अशा पुढच्या वेळा तेहतीस वर्षं चालल्या.

मग दोन हजार सात साल उजाडलं आणि ते भांडण पेटलं.

भांडण साधं होतं. मोठ्या विमान कंपन्यांचं म्हणणं, आकाशातली वाहतूक सांभाळायला जो खर्च येतो तो आमचे प्रवासी तिकिटातून देतात, आणि ही छोटी खासगी विमानं फुकटात मजा मारतात. त्यांच्याकडून दर उड्डाणामागे वापराचे पैसे घ्या. आमचं म्हणणं, आम्ही पेट्रोलवर कर देतो तो काय आभाळातून पडतो? आणि टॉवर, रडार, तीन-तीन धावपट्ट्या हा सगळा पसारा मांडलाय तुमच्यासाठी. आम्हाला एक गवताचा पट्टा आणि वाऱ्याची दिशा दाखवणारा कापडी मोजा पुरतो. खरं सांगायचं तर कंपन्यांचंही सगळंच खोटं नव्हतं. बड्या लोकांची खासगी जेट मोठ्या विमानतळांवर गर्दी करतात, त्यांच्याकडून घ्या की. पण त्या जेटवाल्यांना आणि आमच्या आल्व्हिनला एकाच मापानं मोजायचं? आल्व्हिन शेतांवर फवारणी करतो आणि त्याच्या विमानाच्या दाराला बेल्टाचं बक्कल लावलेलं आहे.

आर्डिसचा मुद्दा मात्र सगळ्यांहून वेगळा होता, आणि मला तोच पटतो. ती म्हणायची, आज माझा नवशिका विद्यार्थी उडण्याआधी फोन करून हवामान विचारतो, वाटेत टॉवरशी बोलतो, कारण विचारायला काही लागत नाही. उद्या प्रत्येक विचारण्याला किंमत लावलीत की तो विचारणार नाही, आणि एक दिवस ढगात शिरेल. ती दर रविवारी चर्चहून आली की हे सिनेटरना लिहायची, शाई पेननं, आकडे तपासून. माझ्याही सह्या घ्यायची. माझ्या सहीखाली तारीख विसरली तर परत बोलवायची.

वेंडेल या सगळ्यावर काही बोलायचा नाही. फोनवर विषय निघाला की त्याला नेमकं कुठेतरी जायचं असायचं.

जूनमध्ये त्यांच्या चुलतबहिणीच्या मुलीचं लग्न होतं, शिकागोला. वेंडेलनंच आर्डिसला आपल्या विमानातून न्यायचं ठरवलं. ओमाहाहून उड्डाण, कॅप्टन सख्खा भाऊ, खिडकीची जागा, सतराव्या रांगेत. आर्डिसनं नवे बूट घेतले होते, हे मला आठवतं, कारण तिनं त्याआधी बूट घेतलेले मला आठवत नाहीत.

विमान धावपट्टीच्या रांगेत जाऊन उभं राहिलं ते राहिलंच. शिकागोवर वादळ होतं. एक तास झाला, दीड झाला, लोक चुळबुळायला लागले. मग कॅप्टनचा आवाज आला. आर्डिस सांगते, आवाज छान होता, खर्जातला. प्रवाशांनो, लहान खासगी विमानांच्या गर्दीमुळे आपल्याला उशीर होत आहे. ती विमानं आपल्या वाट्याचा खर्च देत नाहीत. कृपया आपल्या सिनेटरना कळवा.

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच. आर्डिस खुर्चीत सरळ झाली. खिडकीला नाक लावून तिनं पुढची रांग मोजली. मग समोरच्या खिशातली, उलटी आली तर धरायची कागदी पिशवी काढली, तिच्यावर लिहिलं आणि हवाईसुंदरीला सांगितलं की हे कॅप्टनसाहेबांना द्या. पिशवीवर लिहिलं होतं, 'आपल्या पुढे एकोणीस विमानं आहेत. त्यातलं एकही लहान नाही. खिडकीबाहेर बघून पुन्हा मोजा.'

शिकागोला उतरताना वेंडेल रिवाजाप्रमाणे कॉकपिटच्या दाराशी उभा होता. तिनं त्याच्याकडे बघून मान हलवली, "आभारी आहे, कॅप्टन," म्हणाली आणि पुढे गेली. लग्नात दोघं एका टेबलावर बसली आणि तिनं त्याला मीठदेखील मागितलं नाही. परतीला आर्डिस बसनं आली, अकरा तास, नव्या बुटांत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ऑफिसात कॉफी घ्यायला गेलो तर भिंतीवरचं पहिलं शेपूट उलटं होतं. काढलं नव्हतं. भिंतीकडे तोंड करून टांगलं होतं. मी विचारणार होतो, पण तिचा चेहरा बघितला आणि कॉफी घेऊन निघून आलो. चव्वेचाळीस वर्षं ज्या भावाचं कौतुक तिनं अख्ख्या गावाला ऐकवलं त्याचं नाव तिनं त्या उन्हाळ्यात एकदाही घेतलं नाही. मला फार वाईट वाटलं. वेंडेलचा रागही आला. माणसानं कुणासमोर काय बोलावं याची काही पोच?

सप्टेंबरच्या चौदा तारखेला वेंडेल साठ वर्षांचा होणार होता. तेव्हाचा कायदा असा, की साठ झाले की मोठ्या विमानाच्या कॅप्टननं घरी बसायचं. एक दिवसही इकडचा तिकडे नाही. तीन महिन्यांनी सरकारनं ते वय पासष्ट केलं, पण जे आधीच बाहेर पडले त्यांना त्याचा काय उपयोग? तेरा तारखेला, त्याच्या शेवटच्या उड्डाणाला, अग्निशमनवाल्यांनी विमानावर पाण्याची कमान केली, केक कापला. हे मला नंतर कळलं. आणि हेही कळलं की त्या उड्डाणात सतराव्या रांगेतली खिडकीची जागा त्यानं तिच्या नावावर धरून ठेवली होती. तिकीट पोस्टानं पाठवलं होतं. ती गेली नाही. जागा रिकामी गेली.

वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी शनिवार, पंधरा तारीख. आमच्या विमानतळावर दरवर्षी त्या शनिवारी पॅनकेकचा नाश्ता असतो. आसपासच्या चार राज्यांतून छोटी विमानं येतात, गवतावर ओळीनं उभी राहतात, हँगरमध्ये मोठ्या तव्यावर पॅनकेक आणि सॉसेज भाजले जातात. धावपट्टीच्या कडेला एक लांब बाक आहे. त्यावर चार म्हातारे वैमानिक पुठ्ठ्याचे आकडे घेऊन बसतात आणि प्रत्येक विमान कसं उतरलं त्याला दहापैकी गुण देतात. आल्व्हिन त्यांचा म्होरक्या. स्वतः तो विमान टेकवतो तेव्हा लोक डोळे मिटतात, पण उंटावरून शेळ्या हाकायला त्याच्यासारखा दुसरा नाही.

नऊच्या सुमाराला एक भाड्याची मोटार आली आणि तिच्यातून वेंडेल उतरला. कॅप्टनचा पांढरा शर्ट, खांद्यावरच्या पट्ट्या काढलेल्या. नंतर म्हणाला की माझ्याकडे दुसरे शर्टच नाहीत. मला तो एकदम बारीक झाल्यासारखा वाटला. तो पॅनकेककडे गेला नाही. सरळ ऑफिसात शिरला आणि भिंतीसमोर उभा राहिला. उलटं शेपूट त्यानं बघितलं. हात लावला नाही.

आर्डिस मागून आली. मी तिथेच, इंजिनाचा प्लग पुसत होतो, आणि मी हललो नाही. कोण हलेल?

वेंडेल म्हणाला की त्याला बाबांचं विमान उडवायचंय. कायद्यानं त्याला कुणाच्या परवानगीची गरज नव्हती, पण विम्याच्या कागदात लिहिलं होतं की नवीन माणसानं उडवण्याआधी शिक्षकाची सही हवी, आणि कागदावर शिक्षकाचं नाव एकच होतं. ती सही मिळाली नाही तर आयुष्यभर उडालेला माणूस आजपासून जमिनीवरचा. हे त्यालाही ठाऊक होतं, तिलाही.

"सही अंदाजे मिळत नाही," आर्डिस म्हणाली. "उडून दाखवावं लागतं, कॅप्टन."

"दाखवतो," तो म्हणाला.

पिवळ्या विमानात उलटं असतं, शिकवणारी पुढे बसते आणि चालवणारा मागे. मी पंखा फिरवला, इंजिन फुरफुरलं, आणि वेंडेल निघाला. त्या विमानाचं नाक जमिनीवर असताना इतकं वर असतं की पुढचं काही दिसत नाही, नागमोडी जावं लागतं. हे तो विसरला होता. नाश्त्याच्या रांगेतल्या दोन कुटुंबांनी ताटं सांभाळत वाट करून दिली. पण वर गेला ते छान गेला. तीस हजार तास उडालेला माणूस तो.

मग उतरायला आला, आणि मोठ्या विमानाचा कॅप्टन जी चूक हमखास करतो ती त्यानं केली. मोठ्या विमानात कॅप्टन तिसऱ्या मजल्यावर बसलेला असतो. चाकं टेकतात तेव्हा त्याचे डोळे जमिनीपासून इतके वर असतात, आणि तेहतीस वर्षांत डोळ्यांना तीच सवय लागते. वेंडेलला वाटलं आता जमीन आली, आणि त्यानं नाक उचललं. जमीन पंचवीस फूट खाली होती. पिवळं विमान हवेत थांबलं, विचारात पडल्यासारखं, आणि मग धप्पकन खाली आलं. एक उडी, दुसरी उडी, तिसरी. हँगरमधले सगळे काटे-सुऱ्या थांबले. बाकावर आकडे वर गेले. दोन, एक, दोन. आल्व्हिननं शून्य दाखवलं आणि वर पुठ्ठा हलवलाही.

मला वाटलं, संपलं. माणूस चारशे लोकांसमोर तोंडावर पडला, आता शेपूट घालून निघून जाईल. पण विमान धावपट्टीच्या टोकाशी वळून परत माझ्यापाशी आलं आणि इंजिन मंद झालं. त्याचं दार आडवं उघडतं, वरचा अर्धा भाग पंखाला अडकतो, त्यामुळे आतलं बोलणं मला ऐकू आलं.

वेंडेल म्हणाला, "एकोणीस होती."

आर्डिस वळली नाही.

"तुझी पिशवी यायच्या आधीच मी मोजली होती, आर्डी. एकोणीस. सगळी मोठी. कंपनीनं कागद दिला होता, सगळ्या कॅप्टननी वाचायचा म्हणून. मला ठाऊक होतं खोटं आहे. तीन महिने राहिले होते, म्हटलं शांततेत जाऊ देत. तू मागे बसलीयेस हेही ठाऊक होतं. तरी वाचलं." त्याचा तो खर्जातला आवाज कुठे गेला होता कोण जाणे. "मला लाज वाटते."

मग आर्डिसनं मान वळवली. माझ्याकडे तिचा चेहरा होता म्हणून सांगतो, तिचे डोळे भरले होते.

"न बघता वाचलंस असं मला वाटत होतं," ती म्हणाली. "मोजली होतीस तर."

"मोजली होती."

"मग अजून शिकवता येईल. वेंडी, तू अजून तिसऱ्या मजल्यावर बसलायस. खाली ये. नाकासमोर बघू नकोस, बाजूच्या गवताकडे बघ. गवताची पाती वेगवेगळी दिसायला लागली की नाक उचल. आधी नाही. चल."

जूनपासून तिनं त्याला पहिल्यांदाच 'वेंडी' म्हटलं होतं. मी उगाच विमानाचं चाक तपासायला वाकलो.

दुसऱ्या वेळी दोनच उड्या. तिसऱ्या वेळी एक, आणि ती सुद्धा शेजारच्या मक्याच्या शेताकडे. चौथ्या वेळी बाकावर पाच, सहा, पाच असे आकडे आले आणि नाश्त्याचे लोक रांग सोडून धावपट्टीच्या कडेला येऊन उभे राहिले. पाचव्या वेळी चाकं कधी टेकली ते कळलं नाही. आर्डिसनं विमान थांबवायला लावलं, आपल्या दोन्ही उशा काखेत घेतल्या आणि खाली उतरली.

"जा," ती म्हणाली. "पुढची खुर्ची रिकामी असली की विमान हलकं होतं. लक्षात ठेव."

तो एकटा गेला. ती उशा धरून माझ्याशेजारी उभी राहिली. एकदा तिनं माझी बाही धरली. मी तर तो शर्ट महिनाभर धुतला नसता, पण त्यावर तेल सांडलं होतं. पिवळं विमान वळलं, खाली आलं, गवताला लागून तरंगलं, आणि असं टेकलं की बाकावरचे म्हातारे आकडे दाखवायचे विसरले. आल्व्हिननं शेवटी नऊ दाखवला. दहा तो कुणालाच देत नाही, त्याच्या बायकोच्या पॅनकेकलासुद्धा नाही.

वेंडेल खाली उतरला तो रडत आणि हसत. आर्डिसच्या हातात कात्री होती.

आल्व्हिननं हरकत घेतली की हे नियमात बसत नाही, याचं शेपूट त्रेसष्ट सालीच कापलंय, एकाला दोन मिळत नाहीत. बाकावरच्या बाकीच्यांनी माना डोलावल्या. आर्डिस म्हणाली की सकाळची पहिली उडी तुम्ही सगळ्यांनी बघितलीत. ज्याला इतकं विसरता येतं तो नवीन विद्यार्थी धरायचा. आल्व्हिननं आपले पुठ्ठे गोळा केले.

तिनं कॅप्टनच्या पांढऱ्या शर्टाचं शेपूट कापलं, पिंपावर पसरलं आणि जाड पेननं लिहिलं. मग त्याला घेऊन ऑफिसात गेली आणि आधी जुनं शेपूट सुलटं केलं. नवीन मात्र टांगलं नाही. हँगरमध्ये लॉटरीचे नंबर पुकारायचा माईक होता. तो तिनं वेंडेलच्या एका हातात दिला आणि शेपूट दुसऱ्या.

"दिलेलं वाचायची सवय आहे ना तुला?" ती म्हणाली. "वाच."

वेंडेलनं ते वाचलं, मनातल्या मनात, आणि त्याचे खांदे हलायला लागले. मग त्यानं माईक तोंडाशी नेला आणि पुन्हा खाली घेतला. तो हँगरच्या दाराशी गेला आणि बाहेर गवतावर उभ्या असलेल्या विमानांवरून त्यानं बोट फिरवायला सुरुवात केली. अगदी शेवटच्या ओळीपर्यंत मोजली. आर्डिस थांबली होती. आम्ही सगळेच थांबलो होतो.

"प्रवाशांनो, कॅप्टन बोलतोय," तो म्हणाला, आणि तो खर्जातला आवाज परत आला होता. "बाहेर त्रेचाळीस विमानं आहेत. मी स्वतः मोजली. त्यातलं एकही मोठं नाही." मग त्यानं हातातलं शेपूट नीट धरलं आणि वाचलं, "वेंडेल कोल्टरमन, एकट्याचं उड्डाण, तेहतीस वर्षं उशिरा. उशिराचं कारण, मोठी विमानं."